पुलापलीकडची

गणिताच्या बाई दिवा लावायला उठल्या आणि प्रोजेक्टरच्या झोतात सापडल्या. झालं ते एवढंच. शिक्षकांच्या खोलीत अंधार केला होता. खिडक्यांना जुने नकाशे उलटे करून अडकवले होते, आणि समोरच्या भिंतीवर शाळेच्या निकालाच्या तीन रंगीत पट्ट्या उभ्या होत्या. कॉलनीतली मुलं निळी, बाजारातली मुलं हिरवी, पुलापलीकडची मुलं लाल. निळी पट्टी छताला भिडायला निघाली होती, हिरवी तिच्या खांद्याला लागत होती, आणि लाल इतकी बुटकी होती की हेडसरांनी दोनदा बोटाने ठोकून दाखवली तेव्हा कुठे मागच्या खुर्च्यांवरच्यांना दिसली. बटण पलीकडच्या कोपऱ्यात होतं. वाकून जायचं सोडून बाई सरळ गेल्या, आणि भिंतीवरचे रंग भिंत सोडून त्यांच्या अंगावर आले. निळा खांद्यावरून घसरून गेला, हिरवा दंडावर जरासा रेंगाळला, आणि लाल तुकडा नेमका पोटावर येऊन बसला. "बाई, तुमच्या वाट्याला अगदीच थोडं आलं हो," भाषेचे सर अंधारातून म्हणाले. सगळे हसले. बाईही हसल्या. हसता हसता त्यांनी भिंत चाचपली, बटण काही केल्या हाताला लागेना, आणि तो लाल तुकडा, ज्याला ना वजन ना ऊब, कुणी पोटावर ओला हात ठेवावा तसा त्यांना जाणवत राहिला.

दिवा लागला तेव्हा सगळ्यांनी डोळे चोळले. हेडसर बोलतच होते. मागच्या वर्षीच्या परीक्षेत शाळा शिक्षण खात्याने ठरवलेल्या पातळीखाली गेली होती, यंदाही गेली तर दाराला कुलूप लागणार होतं आणि मुलं दुसऱ्या शाळांत वाटली जाणार होती. शिक्षकही. कुणी कुठे जाईल ते देवालाही सांगता येणार नाही, असं हेडसर म्हणाले, आणि चित्रकलेच्या बाईंनी, ज्यांचं घर शाळेच्या पाठच्या गल्लीत होतं, तोंडाला रुमाल लावला. "मुळात माल कसा येतो त्यावर दुकान चालतं," भाषेचे सर म्हणाले. "निळ्या-हिरव्याचं आपण सोनं करतो. पण त्या लाल पट्टीचं काय करायचं? तिकडे घरात पुस्तक नाही, टेबल नाही. मुलं वर्गात येतात तीच झोपायला. आणि येतात ती काय वास घेऊन येतात! सहावीच्या वर्गात मी खिडकीपाशीच उभा राहून शिकवतो." यावरही थोडं हसू झालं. बाई या वेळी हसल्या नाहीत, पण न हसलेलं कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. आणि पाण्यालाच तो वास आला. सरसाचा वास. पुलापलीकडे लाकूड चिकटवायच्या सरसाचा कारखाना होता, तिथे हाडं आणि कातड्याचे तुकडे दिवसरात्र उकळत असत, आणि त्यातून जो गोडसर, कुजका, घशाला चिकटून बसणारा वास यायचा तो नदी ओलांडून इकडे सहसा येत नसे. नदी ओलांडून इकडे बाई आल्या होत्या. त्यांना लग्न होऊन कॉलनीत येऊन इतकी वर्षं झाली होती, की आपण मूळच्या कुठल्या हे त्यांना कुणी विचारत नव्हतं आणि त्या सांगत नव्हत्या. खोटं त्या कधी बोलल्या नव्हत्या. फक्त कुणी 'माहेर कुठलं?' म्हणालं की 'इथलंच' म्हणायच्या, आणि ते खरंच होतं.

तेव्हा त्या बाई नव्हत्या, बॉयलरवाल्याची धाकटी होत्या. बॉयलरवाला म्हणजे त्यांचे वडील, कारखान्याच्या मोठ्या भट्टीवर कोळसा टाकणारे. ते घरी यायचे तेव्हा त्यांच्याआधी वास यायचा, आणि आई न बघताच चहाचं आधण ठेवायची. धाकटीला त्या वयात तो वास वाईट वाटत नसे. वडील आले, एवढाच त्याचा अर्थ होता. वास म्हणजे वास हे तिला शाळेत कळलं. याच शाळेत, याच इमारतीत, जिथे तेव्हा भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी तिला मागच्या बाकावरून उचलून पुढे बसवलं आणि डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "तू त्या मुलांसारखी नाहीस." ते वाक्य धाकटीने एखादी गोळी चघळावी तसं कितीतरी दिवस तोंडात घोळवलं होतं. संपूच नये असं गोड होतं ते. त्याच्या आत काय आहे हे कळायला तिला फार वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा गोळी विरघळून रक्तात गेलेली होती. गणितात पहिली आली म्हणून बक्षीस मिळालं, त्या दिवशी वडील कामावरून परस्पर समारंभाला आले. हातपाय धुऊन, भांग पाडून, पहिल्या रांगेत जाऊन बसले. धाकटीने व्यासपीठावरून पाहिलं: त्यांच्या डावीकडचे गृहस्थ उठले, मग उजवीकडच्या बाई, मग मागच्या रांगेतले दोघे. भरलेल्या सभागृहात तिच्या वडिलांभोवती रिकाम्या खुर्च्यांचं एक अंगण तयार झालं, आणि त्या अंगणात बसून ते टाळ्या वाजवत होते. परत येताना पुलावर ते म्हणाले, "बरं झालं बाई, जरा मोकळं बसायला मिळालं. हवा छान येत होती." त्यांना कळलं होतं की नाही, हे बाईंनी आजवर हजारदा स्वतःला विचारलं होतं. कळलं नसेल तर ते भोळे, आणि कळलं असेल तर ते कोण, याचा विचार त्यांच्याच्याने पुढे रेटवत नसे.

सभा संपल्यावर हेडसरांनी त्यांना थांबवून घेतलं. खोलीचं दार त्यांनी लावलं नाही, नुसतं ओढून घेतलं, त्यामुळे बोलणं गुप्त आहे असंही वाटेना आणि नाही असंही वाटेना. हेडसर वाईट माणूस नव्हते. शाळेचा नळ गळत असला तर स्वतः पाना घेऊन बसणारा माणूस. त्यांनी आधी चहा मागवला, मग टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ केली.

"बाई, खात्याची परीक्षा म्हणजे काय, ती काही मुलांसाठी नसते. मुलांच्या पास-नापासाशी तिचा संबंध नाही. ती आपल्यासाठी, शाळेसाठी. बरोबर?"

"बरोबर."

"आणि सरासरी काढतात ती हजर मुलांची. जी त्या दिवशी आली नाहीत ती धरतच नाहीत. ना वर, ना खाली."

बाईंना पुढचं कळलं, पण त्यांनी ते ऐकून घ्यायचं ठरवलं. कदाचित बोलता बोलता हेडसरांनाच लाज वाटेल असं त्यांना वाटत होतं.

"पुलापलीकडची सगळीच नाहीत हो कच्ची. पण जी आहेत, ती एक दिवस घरी राहिली तर कुणाचं काही बिघडत नाही. उलट शाळा बंद झाली तर? कॉलनीतली मुलं रिक्षा लावून कुठेही जातील. बाजारातल्यांचे बापही काहीतरी करतील. तिकडची मुलं कुठे जाणार? दुसरी शाळा किती लांब आहे! ती कुठेच जाणार नाहीत, बाई. हे मी तुम्हाला सांगायला नको."

"मला का सांगायला नको?"

हेडसरांनी पेन्सिल परत वाकडी केली. "तुमची नोकरीची कागदपत्रं माझ्याकडेच असतात ना," ते हळूच म्हणाले. "मी कधी कुणापाशी बोललो नाही. बोलणारही नाही. पण तुम्ही जाऊन सांगितलंत तर ते ऐकतील. आम्ही गेलो तर त्यांना अपमान वाटेल. तुम्ही तिकडच्याच."

हे त्यांनी इतक्या हळुवारपणे म्हटलं, की कुणीतरी पाठीवरून हात फिरवतंय असं बाईंना वाटलं. नाही म्हणायला हवं होतं. शब्द जिभेवर होता. पण हेडसर म्हणत होते त्यात चूक कुठे आहे, ती बाईंना सापडेना. एक पायरी दुसरीवर बरोबर बसत होती, दुसरी तिसरीवर. आणि मुलांना त्या रोज सांगायच्या, की उत्तर विचित्र आलं तर पायऱ्या तपासा. पायऱ्या तपासल्या. उत्तर तेच आलं. "कोण कोण ते तुम्हीच ठरवा," हेडसर म्हणाले. "गणितातच पडतात सगळी. तुमच्याइतकं कुणाला माहीत?"

घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा औषधांच्या दुकानात बसायचा, दिवसभर लोकांची दुखणी ऐकायचा, आणि घरी आल्यावर त्याला कुठल्याही गोष्टीवर चटकन गुणकारी काहीतरी सुचायचं. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. "आणि तू नाही गेलीस तर दुसरं कुणीतरी जाईल, आणि ते चार शब्द वाकडे बोलून येईल. तू निदान नीट सांगशील." मग थोड्या वेळाने, पेपरातून मान वर न करता, "आलीस की आधी आंघोळ कर हं," असं म्हणाला. त्यात कुत्सितपणा नव्हता. पावसातून येणाऱ्याला पाय पुसायला सांगावं तसं ते होतं. बाई भाजी चिरत राहिल्या. नवऱ्याला सगळं माहीत होतं, लग्नाच्या आधीपासून. त्याने कधी एका शब्दाने हिणवलं नव्हतं. आणि तरी वडील वारले तेव्हा तिकडून आलेली त्यांची एक जुनी सदरा-चादरीची पिशवी त्याने माळ्यावर न ठेवता गच्चीवर, उघड्यावर ठेवली होती. उन्हात राहू दे थोडे दिवस, असं म्हणाला होता. थोडे दिवस संपलेच नाहीत. पिशवी विटून पांढरी झाली.

दुसऱ्या दिवशीपासून वर्गातली तोंडं बाईंना निराळी दिसायला लागली. आजवर त्या फळ्याकडून वळल्या की समोर मुलं असायची. आता वळल्या की त्यांची नजर आपोआप एकेका डोक्यावर थांबायची: हा राहील, ही जाईल, हा जाईल. मुलांना काहीच माहीत नव्हतं. ती नेहमीसारखीच खोडरबरावरून भांडत होती. ज्यांच्यावर नजर थांबायची त्यांच्याशी बाई नकळत जास्त गोड बोलायला लागल्या, आणि हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली. बहुतेकांचं ठरवणं सोपं होतं. अडत होतं ते एकाच मुलीपाशी. सातवीतली ती मुलगी, वर्गाने तिचं नाव पुटपुटी पाडलं होतं, कारण गणित करताना ती प्रत्येक आकडा ओठांत म्हणायची, हातचा घेतलेला आकडाही, भागाकाराची रेघ मारली तर 'आता रेघ' असंसुद्धा. वर्षाच्या सुरुवातीला तिला अपूर्णांक म्हटलं की रडू यायचं. बाई मधल्या सुट्टीत तिला घेऊन बसल्या होत्या, पायरीवर, डबा मध्ये ठेवून. कधीतरी एका दुपारी तिला ते उमगलं. दोन अपूर्णांकांचे छेद सारखे करून झाल्यावर तिने बाईंकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे बाई, आधी दोघांना एकाच मापात आणायचं, मग बोलायचं." बाईंनी इतक्या वर्षांत छेदाबद्दल यापेक्षा सरळ काही ऐकलं नव्हतं. पण पुटपुटी हळू होती. सगळं म्हणत म्हणत करायची, म्हणून घंटा व्हायची तेव्हा तिचा अर्धाच पेपर झालेला असायचा. त्या अर्ध्यात एक चूक सापडायची नाही.

"ती अर्धाच पेपर सोडवते ना?" हेडसरांनी विचारलं.

"सोडवते तेवढा बरोबर असतो."

"म्हणजे अर्धाच."

"पातळीच्या जरा वर येईल कदाचित. किंवा जरा खाली."

"बाई," हेडसर थकलेल्या आवाजात म्हणाले, "या 'कदाचित'वर मी शाळा नाही हो लावू शकत."

पूल ओलांडून त्या एका संध्याकाळी गेल्या. कारखान्याची चिमणी तशीच होती, वस्ती मात्र वर चढली होती. एकमजली घरांच्या डोक्यावर पत्र्याच्या खोल्या बसल्या होत्या, आणि गल्ली इतकी अरुंद झाली होती की समोरून माणूस आला तर एकाने दारात शिरायचं. बाईंना वाटलं होतं की लोक चिडतील. निदान 'का' असं विचारतील. त्या वाटेने उत्तरं तयार करत आल्या होत्या. पण कुणी विचारलंच नाही. शाळेतून बाई घरी आल्या याच आनंदात लोक होते. खुर्ची पुसून दिली जात होती, पंखा त्यांच्याकडे वळवला जात होता. "एक दिवस घरी ठेवायचं ना? ठेवतो की," एक बाप म्हणाला. "ताप आला म्हणून सांगू का? चिठ्ठी लागेल का डॉक्टरची?" दुसऱ्या घरात आजीने नातवाच्या पाठीत एक धपाटा घातला, "बाईंना इथवर यायला लावलंस मेल्या," म्हणाली. मुलगा काहीच न कळून हसला. तिसऱ्या, चौथ्या घरापर्यंत बाईंना आपले शब्द पाठ झाले होते, आणि शब्द पाठ झाले तसं ते सांगणं सोपं होत गेलं, आणि सोपं होत गेलं याची त्यांना भीती वाटायला लागली. एखाद्याने तरी अंगावर धावून यावं असं वाटत होतं. या लोकांना कुणीतरी शिकवून ठेवलं होतं, की आपल्याबद्दल जे काही वर ठरतं ते बरोबरच असतं. आणि त्या शिकवणाऱ्यांत आपणही आलो, हे समजायला बाईंना काही फार डोकं चालवावं लागलं नाही.

पुटपुटीचं घर शेवटी ठेवलं होतं. तिची आई चिंध्यांच्या वखारीत कापड निवडायचं काम करायची. केसांत, भुवयांवर बारीक तंतू अडकलेले होते. दारात बघून ती क्षणभर थबकली. "बॉयलरवाल्या मामांची धाकटी ना गं तू?" ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे तुम्ही. बसा ना बाई." पुटपुटी कोपऱ्यात पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून बसली होती. बाईंना बघून ती उभी राहिली आणि पाण्याला गेली.

बाईंनी पाठ झालेलं सांगितलं. आईने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तिला येत नाही का?"

"येतं. चांगलं येतं. फक्त वेळ पुरत नाही तिला."

"मग घरी बसली की पुरेल का?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. बाईंनी सांगितलंय म्हणजे त्यात काही उपाय असणार, तो कसा चालतो एवढंच तिला समजून घ्यायचं होतं. बाईंनी पाण्याचा तांब्या हातात घेतला. पुटपुटी समोरच उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं की अर्धंच, ते कळत नव्हतं. "पुढच्या वेळी," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी नक्की." आईने मान डोलावली. निघताना तिने दारापर्यंत येऊन सांगितलं, "मामांचं नाव काढलंत हो तुम्ही. आता आम्ही इकडे सगळ्यांना सांगू, शाळेत आपलं माणूस आहे." बाई पुलावरून परत येताना कठड्याच्या लोखंडावर हात घासत घासत चालल्या. हाताला गंज लागला. घरी येऊन त्यांनी आंघोळ केली, साबण दोनदा लावला, आणि मग कॉटवर बसून ओल्या केसांतून पाणी टपकू दिलं. नवऱ्याने टॉवेल आणून दिला. कसं झालं म्हणून विचारलं. छान झालं, असं त्या म्हणाल्या.

परीक्षेच्या सकाळी फाटकापाशी मुलांना आत सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. निळी आली, हिरवी आली. बाईंना ती आता रंगानेच दिसत होती. लाल फार थोडी आली, जी यायची तीच. फाटक लावायची वेळ झाली तेव्हा रस्त्याच्या कडेने पुटपुटी येताना दिसली. केस ओले करून चापूनचोपून बसवलेले, हातात दोन पेन्सिली, दोन्हींना नुकती केलेली लांब टोकं. ती घाईत नव्हती. आपल्याला उशीर होतो हे माहीत असलेल्या माणसासारखी ती वेळेच्या जरा आधीच निघाली असणार. बाईंसमोर येऊन ती उभी राहिली.

"बाई, आईने सांगितलंय ताप आहे म्हणून सांग. पण मला ताप नाहीये."

"घरी कोण आहे?"

"कोणी नाही. आई वखारीत गेली. मग मी आले." तिने पेन्सिली दुसऱ्या हातात घेतल्या. "बाई, मी आज आकडे मनात म्हणणार आहे. घरी करून बघितलं. लवकर होतं."

आतून घंटा झाली. व्हरांड्यात खात्याचा माणूस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन उभा होता, आणि त्याच्या बाजूला हेडसर. हेडसरांनी खूण केली नाही. ते नुसते बघत होते, आणि त्यांचा चेहरा, हे बाईंना पुढे कितीही प्रयत्न केला तरी विसरता आलं नाही, कठोर नव्हता, घाबरलेला होता. बाई बाजूला सरकल्या असत्या तर मुलगी आत गेली असती. एक पाऊल मागे घ्यायचं होतं, बाकी काही नाही. बाईंना स्वतःचे पाय दिसत होते, चपलेचा सुटत आलेला पट्टा दिसत होता. त्यांनी हात पुढे करून पुटपुटीच्या कपाळावर ठेवला. कपाळ गार होतं, आंघोळीच्या पाण्याने अजून ओलसर.

"आहे," बाई म्हणाल्या. "बराच आहे. घरी जा आणि पडून राहा."

पुटपुटीने बाईंकडे बघितलं. मग तिने स्वतःचा हात कपाळाला लावला, बाईंनी लावला होता तिथेच, आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हट्ट नव्हता. ती पडताळून बघत होती. बाईंचं उत्तर आणि आपलं उत्तर जुळत नाही, म्हणजे आपल्याच कुठल्यातरी पायरीत चूक असणार, असं समजणाऱ्या मुलीचा तो चेहरा होता. वर्षभर बाईंनीच तो घडवला होता. "हो बाई," ती म्हणाली आणि वळली. चालताना तिने हात कपाळावरून काढला नाही. बाईंनी फाटक लावलं. कडी घालताना बोट चिमटलं, रक्त आलं, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

निकाल लागला तेव्हा शाळा पातळीच्या चांगली वर होती. पुन्हा अंधार केला गेला, पुन्हा पट्ट्या उभ्या राहिल्या, आणि लाल पट्टी हिरवीच्या गळ्याशी येऊन पोहोचली होती. खात्याच्या बाई मुद्दाम आल्या होत्या. एवढ्या थोड्या काळात इतकं अंतर मिटवलेलं आपण कुठे पाहिलं नाही, असं त्या म्हणाल्या, आणि याचं श्रेय कुणाचं म्हणून विचारलं. हेडसरांनी गणिताच्या बाईंकडे हात केला. भाषेचे सर सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते. "नेमकं काय केलंत ते सांगा ना, इतर शाळांना उपयोग होईल," खात्याच्या बाई म्हणाल्या. बाई उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, आता तोंडातून खरं बाहेर पडणार, आणि पडलंही. "मी त्यांच्या घरी गेले," त्या म्हणाल्या. "घरोघरी जाऊन पालकांशी बोलले." पुन्हा टाळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, हेच हवं, तळमळ हवी. बाई खाली बसल्या. खोलीत गरम होत होतं, खिडक्या उघडल्या होत्या, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या चित्रकलेच्या बाईंनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता. घर सोडावं लागणार नव्हतं, म्हणून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. त्यांचा तरी काय दोष, असं बाईंना वाटलं, आणि मग वाटलं, कुणाचाच दोष नाही अशी ही गोष्ट आपण किती पटकन रचून टाकली.

पुटपुटी परीक्षेनंतर वर्गात आली नव्हती. पहिले काही दिवस बाईंनी कानाडोळा केला. बाकीची मुलं परत आली होती, काही न झाल्यासारखी, तीही येईल. मग हजेरी घेताना तिच्या नावापाशी आवाज अडायला लागला. मग एके दिवशी शाळा सुटल्यावर त्या घरी न जाता पूल ओलांडून चालत गेल्या. दाराला कुलूप होतं. शेजारणीने वखारीची वाट दाखवली.

वखार म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. छतापर्यंत चिंध्यांचे ढीग, आणि ढिगांच्या मधून दोन रांगांत बायका बसलेल्या. सुती एकीकडे, लोकरी एकीकडे, नायलॉन एकीकडे. बटणं आणि चेन कापून डब्यात. हवेत इतका कपड्याचा भुगा तरंगत होता की उजेड दुधासारखा दिसत होता. पुटपुटी आईच्या शेजारी बसली होती, तोंडाला फडकं बांधून. तिने बाईंना आधी बघितलं, आणि सवयीने उभी राहिली.

"बाई! या ना," आईने मांडीवरचा ढीग बाजूला सारला. तिला ओशाळल्यासारखं झालं होतं. "त्या दिवशी दुपारी घरी बघायला गेले तर ही एकटीच पडून, ताप आहे म्हणत होती. हात लावला तर अंग थंडगार. मग म्हटलं एकटी कशाला बसतेस, चल. बसली इथे माझ्यासोबत. हात चांगला चालतो हो तिचा. मालक म्हणाले, उद्याही आण."

"शाळा बंद होणार नाही आता," बाई म्हणाल्या. वाटेत त्यांनी दुसरंच काहीतरी ठरवलं होतं. माफी हा शब्द त्यात होता. "चालू राहणार आहे. हिला पाठवा. मी स्वतः लक्ष देईन, तिला जास्त वेळ कसा मिळेल ते बघेन."

आईने मुलीकडे पाहिलं. मुलीने फडकं हनुवटीखाली ओढलं.

"बाई, पुढच्या वर्षी पण ती परीक्षा असते ना?"

"असते."

"मग तेव्हा..." पुटपुटीने वाक्य पुरं केलं नाही. बाईंना वाईट वाटू नये म्हणून तिने ते तसंच सोडून दिलं हे इतकं उघड होतं, की बाईंनाच मान खाली घालावी लागली. पायाशी कुणाच्या तरी सदऱ्याची कॉलर पडली होती, आतल्या बाजूने झिजून पारदर्शक झालेली.

"तुम्ही कशाला एवढ्या लांब पायपीट केलीत," आई म्हणाली. आवाजात माया होती. "ही नको असेल तेव्हा नुसता निरोप पाठवत जा बाई. आम्ही ठेवून घेऊ घरी. तुम्ही सांगितल्यावर आम्ही नाही म्हणणार का?"

बाईंनी तोंड उघडलं. भुगा घशात गेला, खोकल्याची उबळ आली, आणि खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं तेव्हा दोन बायका उठल्या, कुणी पाणी आणलं, कुणी पाठ चोळली. शेडच्या टोकाकडून मुकादम आला. कामात खंड पडलेला त्याला आवडला नव्हता. "या कोण?" त्याने विचारलं. "बाहेरच्या माणसांना आत सोडू नका म्हणून सांगितलंय ना?"

पुटपुटीची आई पुढे झाली. मुकादमासमोर एरवी ती इतक्या ताठ मानेने उभी राहत नसावी, कारण रांगेतल्या बायकांनी हातातलं काम थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"बाहेरच्या नाहीत त्या," ती म्हणाली. "आपल्यातल्याच आहेत."

मुकादमाने बाईंकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, त्याला ते पटलं असावं, तो खांदे उडवून निघून गेला. बायका पुन्हा कामाला लागल्या. कुणीतरी बाईंसाठी चिंध्यांचा एक गठ्ठा पुढे ढकलला, बसायला. आणि बाई त्यावर, त्या मायलेकींच्या मध्ये, बसल्या.